'गवत पड' म्हणजे नेमकी कोणाची जमीन?

मोबाइलवर महाभूलेखची साइट उघडा. जिल्हा बीड निवडा, तालुका पाटोदा, आष्टी किंवा धारूर, आणि गावालगतच्या एखाद्या माळाचा गट नंबर टाका. सातबारा उघडेल. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, मालकाच्या जागी 'सरकार' किंवा 'गायरान' असं लिहिलेलं सापडेल. खाली गाव नमुना बारामध्ये पिकांच्या रकान्यांशेजारी एक रकाना असतो, 'लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन'. तिथे जमिनीचं स्वरूप म्हणून अनेकदा दोनच शब्द भरलेले असतात : 'गवत पड'.

तलाठ्याच्या हिशोबात हे बरोबरच आहे. गवत आहे म्हणजे पीक नाही, आणि पीक नाही म्हणजे जमीन पडून आहे. पण बीड जिल्ह्यात जे काही वन्यजीवन उरलंय, त्यातलं बरंचसं याच 'पडून असलेल्या' जमिनीवर जगतं. गावातल्या शेळ्यामेंढ्या तिच्यावरच चरतात. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, अशा हजारो कुटुंबांनी पोटापाण्यासाठी हीच जमीन फोडली. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या जमिनीवर हक्क सांगायला जो जो आला, त्याला आधी या दोन शब्दांशी झगडावं लागलं. म्हणून बीडमधल्या निसर्गरक्षणाचा इतिहास सांगायचा, तर तो जंगलापासून सुरू होत नाही. तो सातबाऱ्यापासून सुरू होतो.

माळावर कोण राहतं?

बालाघाटाचे डोंगर बीड जिल्ह्यातून आडवे जातात. पाटोद्याच्या बाजूला मांजरा नदी उगम पावते आणि पूर्वेकडे निघून जाते. डोंगरमाथ्यावर माती थोडी, खाली मुरूम आणि खडक. पाऊस जेमतेम आणि लहरी. अशा जमिनीवर दाट जंगल वाढत नाही, गवत वाढतं. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांच्या मध्ये विखुरलेल्या बोरी, बाभळी, हिवर आणि सीताफळाची झुडपं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती सीताफळंही मुळात याच डोंगरउताराची.

टीव्हीवरचं जंगल डोक्यात ठेवून कुणी उन्हाळ्यात या माळावर आलं तर त्याला काहीच दिसणार नाही. वाळकं गवत, दगड आणि ऊन. पण काळविटाला हेच हवं असतं. त्याचा बचाव दोनच गोष्टींवर चालतो, लांबवरचं दिसणं आणि वेगाने पळणं. झाडी दाट झाली की दोन्ही जातं. चिंकारा कमी पाण्यात भागवतो. लांडगा या दोघांच्या आणि मेंढ्यांच्या कळपांच्या मागावर असतो. माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालतात. घरटं असं नसतंच, अंड्याचा रंगच त्याला लपवतो. ओढ्याच्या काठच्या झुडपांत मोर असतात.

यातल्या कुणालाही 'लागवडीसाठी उपलब्ध' जमीन नको आहे. त्यांना नेमकी ती दुसरी जमीन हवी आहे.

महसुलाची नजर

सप्टेंबर १९४८पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. शेजारच्या इंग्रजी मुलखाप्रमाणे इथेही सरकारचा जमिनीला प्रश्न एकच होता : तू किती सारा देतेस? जी देते ती शेतजमीन. शेतातला जो तुकडा पिकत नाही तो 'पोटखराब'. जिथे इमारती लाकूड मिळतं ते जंगल, आणि त्याला वेगळं खातं. गवताळ माळ या दोन्हींत बसत नव्हता. त्याला सारा नाही आणि लाकूडही नाही.

त्यातला काही भाग गावाच्या गुरांसाठी राखला गेला. तेच गायरान. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ही रचना पुढे चालवली. संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन चराईसारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतो. म्हणजे मालकी सरकारची आणि वापर गावाचा.

कागदावर हे सुंदर आहे. अडचण 'गाव' या शब्दात होती. गावात ज्यांची गुरं जास्त, त्यांचं गायरान जास्त. गावकुसाबाहेरच्या वस्तीला ना गुरं, ना शेत, ना चावडीवर शब्द.

दंडाची पावती

दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे डिसेंबर १९६४मध्ये देशभरात तो पुन्हा उभा राहिला. लाखभरांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. मागणी सरळ होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. ज्या शब्दाने जमिनीला निरुपयोगी ठरवलं होतं, तोच शब्द दलित चळवळीने सरकारसमोर ठेवला. तुमच्याच कागदावर ही जमीन पडीक आहे ना? मग आम्हाला का नाही?

बीड जिल्ह्यात ही लढाई नंतरच्या पिढीत एकनाथ आवाड यांनी चालवली. ते १९५६ साली दुकडेगावात एका मातंग कुटुंबात जन्मले, वडील पोतराज. आवाडांनी आपलं काम धारूर तालुक्यातल्या तेलगावातून उभं केलं, मानवी हक्क अभियान सुरू केलं आणि गायरानाचा प्रश्न मराठवाडाभर नेला. २०१५ साली ते गेले, तोपर्यंत 'जिजा' हे नाव या भागातल्या वस्त्यावस्त्यांत पोचलेलं होतं.

या चळवळीची एक गंमत कायद्याच्या बारकाव्यात आहे. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं की तलाठी त्याची नोंद 'गाव नमुना एक-ई' या नोंदवहीत करतो आणि दंड लावतो. साध्या माणसाला दंडाची भीती वाटते. पण गायरान कसणाऱ्यांच्या लेखी ती पावती जपून ठेवायची चीज होती. आपण अमुक वर्षी ही जमीन कसत होतो याचा सरकारनेच सही-शिक्क्यानिशी दिलेला तो पुरावा! २८ नोव्हेंबर १९९१ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला, की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं ठरावीक अटींवर नियमित करावीत. तेव्हा या जुन्या पावत्यांना मोल आलं.

निर्णय निघाला म्हणून सातबारा हातात आला असं झालं नाही. कित्येकांच्या नोंदीच झाल्या नव्हत्या. उभ्या पिकात जनावरं सोडणं, वाट अडवणं, बहिष्कार टाकणं हे प्रकार चालूच राहिले. यातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला जाणारी. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. म्हणजे गायरानावर पावसाळ्यात बाजरी-तूर आणि उरलेलं अर्धं वर्ष दुसऱ्याच्या उसात. त्या दोन-चार एकरांत त्यांची श्रीमंती नव्हती, पण गावात परत यायला एक कारण होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नांगर फिरला की गवत जातं. ते सहजासहजी परत येत नाही. धनगराचा माळ तेवढा कमी होतो, काळविटाचाही. भूमिहीनाचा हक्क आणि माळाचं टिकणं यांत ताण आहे, तो नाकारून उपयोग नाही. पण या ताणाचा निकाल लावायला कोण कसं आलं, ते पाहण्यासारखं आहे.

दोन पक्षी

१९६३ साली मोर भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला. त्यावेळी सलीम अलींची पसंती माळढोकाला होती. मोराला देशभर लोक जपतातच, पण माळढोक आणि त्याचा माळ संकटात आहे, त्याला या मानाची जास्त गरज आहे, असा तो विचार होता. निवड मोराची झाली. गंमत म्हणजे पुढे या दोन्ही पक्ष्यांसाठी बीडच्या माळावर आणि शेजारच्या जिल्ह्यांत अभयारण्यं झाली, आणि दोघांचं नशीब अगदी वेगळं निघालं.

१९७२ हे वर्ष मराठवाड्यात दुष्काळाचं म्हणून ओळखलं जातं. त्याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच सुमारास सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून या भागात माळाचे काही पट्टे चर खणून राखले गेले. उद्देश माती आणि चारा वाचवण्याचा होता. पण गवत वाढलं आणि त्या गवतात माळढोकही वाढला. वर्षाला बहुधा एकच अंडं घालणाऱ्या, तेही उघड्या जमिनीवर, अशा पक्ष्याला शांत माळ मिळाला की किती फरक पडतो, हे तिथे दिसलं.

मग १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं. बीड जिल्ह्याचं सगळं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका अख्ख्या जिल्ह्याच्या जवळपास ऐंशी टक्के आकाराचं अभयारण्य! त्यात माळ होता, आणि गावं, मळे, ऊस, रस्ते, बाजारपेठासुद्धा होत्या. लोकांना एक दिवस कळलं, की आपण अभयारण्यात राहतो. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर, बांधकामावर बंधनं आली. ज्यांनी तो पक्षी कधी पाहिलाही नव्हता, त्यांचा त्याच्यावर राग बसला. दुसरीकडे या रेषेने ऊस थांबवला नाही, कालवे थांबवले नाहीत, विजेच्या तारा थांबवल्या नाहीत. अनेक वर्षांच्या भांडणानंतर, कोर्टाच्या पायऱ्या चढून, अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आधीच्या जेमतेम सातव्या हिश्शावर. तोवर पक्षी निघून गेला होता. अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

बीडमधली गोष्ट याच्या उलट टोकाची. पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. जिल्ह्याच्या दर हजार चौरस किलोमीटरमागे तीन किलोमीटरही नाही. इथे मुख्य मान मोराला आहे, पण त्याच्याबरोबर चिंकारा, काळवीट, लांडगा, कोल्हा, तरस यांनाही आसरा मिळतो. रेषा छोटी असल्यामुळे माळढोकासारखं भांडण पेटलं नाही. आणि मोराचं एक आहे, तो माणसांच्या जवळ राहून जगतो, शेतातलं धान्य खातो, लोक त्याला देवाचा पक्षी म्हणून सहसा हात लावत नाहीत.

पण म्हणून नायगावने प्रश्न सोडवला असं नाही. मोर अभयारण्याच्या हद्दीत थांबत नाही. सकाळी तो शेजारच्या शेतात उतरतो. तिथे कीटकनाशक चोळलेलं बियाणं असलं तर तेच त्याचं विष होतं. उन्हाळ्यात पाणवठे आटले की त्याला गावाकडे यावं लागतं. काळविटाचा आणि लांडग्याचा रोजचा वावर तर अभयारण्याच्या कितीतरी पलीकडे, गायरानांवर आणि पडीक शेतांत. सलीम अलींचं म्हणणं इथे आठवतं. मोर वाचवणं त्या मानाने सोपं होतं. अवघड होता तो माळ.

निकाल, नोटिसा आणि सूट

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. वाद पंजाबातल्या एका गावतळ्याचा होता, पण आदेश सगळ्या देशाला होता : गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा आणि त्या जमिनी गावाला परत द्या. पर्यावरणाची काळजी असलेल्या कुणालाही हा निकाल हवासा वाटेल. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी १२ जुलैला त्याला धरून शासन निर्णय काढला.

त्या निकालात एक सूट आहे, तिचा उल्लेख मात्र फारसा होत नाही. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, किंवा जमिनीवर आधीच शाळा-दवाखान्यासारखी सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमितीकरण करता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे न्यायालयाच्या नजरेसमोर मुख्यतः धनदांडगे, बांधकामवाले आणि गावपुढारी होते. २०२२च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा समोर आला आणि नोटिसा निघू लागल्या. त्या नोटिशीने पत्र्याच्या खोलीतल्या माणसाची झोप उडवली. त्याच्याकडे कदाचित जुनी दंडाची पावती होती, पण सातबारा नव्हता. पावती आणि सातबारा यांच्यामधली तीस वर्षं कार्यालयांत गेली होती, त्याच्या हातून नाही.

आणि याच काळात माळावर नवा दावेदार आला. बालाघाटाच्या माथ्यावर वारा चांगला, म्हणून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगावच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, सौर प्रकल्पांना भाड्याने देण्याचं धोरण आलं. दिवसा वीज हवीच. रात्री दोन वाजता विंचू-सापांत पाणी धरायला गेलेल्या माणसाला विचारा. पण फरक बघा. भूमिहीनाने तीच जमीन मागितली की पुरावे, अटी, कटऑफ तारीख. धनगराने मागितली की चराईबंदी. काळविटाला तर मागताच येत नाही. आणि प्रकल्पाने मागितली की उत्तर तयार असतं : जमीन पडीकच आहे, घ्या.

झाड लावलं की झालं?

इथपर्यंत वाचून वाटेल, की प्रकल्पांऐवजी माळावर झाडं लावली की प्रश्न मिटला. बीडमध्ये या बाबतीत मोठा उत्साह आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर लोकांना जमवून झाडं वाढवली. २०२०च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं वृक्षसंमेलन भरलं. हजारो शाळकरी मुलांनी झाडाला हात लावला, त्याचं नाव शिकलं. दुष्काळी जिल्ह्यात ही छोटी गोष्ट नाही.

पण एका टेकडीवर देशी झाडांची देवराई करणं वेगळं आणि 'पडीक दिसली जमीन की खणा खड्डा' हे सरसकट धोरण वेगळं. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी झाडांची उद्दिष्टं ठरली, शेवटच्या वर्षी ३३ कोटींचं. एवढे खड्डे खणायला जमीन कुठे मिळते? पुन्हा त्या 'गवत पड'वरच. गवताळ माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावली की काळविटाची नजर अडते, माळटिटवीची अंडी घालायची जागा जाते, मेंढ्यांचा चारा कमी होतो. नकाशावर हिरवा रंग वाढतो आणि माळावरचे मूळ रहिवासी कमी होतात. गवताचा माळ म्हणजे झाडं तोडून उजाड झालेलं जंगल असा आपला समज आहे. बीडसारख्या ठिकाणी माळ हीच पुष्कळ जागी मूळची व्यवस्था आहे.

मग करायचं काय?

याचं एक उत्तर विदर्भात सापडतं. अकोला-वाशीमच्या बाजूला फासेपारधी समाजातल्या काही गावकऱ्यांनी कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने माळ राखायला घेतला. फासेपारधी म्हणजे फास लावून तित्तर-हरणं धरणारा समाज. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या जमातींपैकी एक. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, पण १९७२च्या कायद्याने त्यांचं पोट भरायचं साधनच गुन्हा ठरवलं. या माणसांना माळावरच्या प्रत्येक पक्ष्याची चाल माहीत. त्यांच्याकडे पहारेकरी म्हणून आणि हक्कदार म्हणून पाहिलं तेव्हा गवत परत आलं, तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याची नोंद ठेवायला तेच पुढे आले. अभयारण्याच्या रेषेपेक्षा त्यांची रेषा टिकाऊ ठरली, कारण ती त्यांनीच आखली होती.

बीडमध्ये हे जसंच्या तसं होणार नाही. इथे वनहक्क कायद्यात बसणारी जमीन कमी आणि महसुली गायरान जास्त. पण धडा उपयोगी आहे. जे गायरान १९९०च्या आधीपासून कसलं जातंय ते कसणाऱ्याच्या नावावर करून तो वाद एकदाचा संपवा. मग जे उरतं त्याला 'पडीक' म्हणू नका. कुठे मेंढ्या चरतात, कुठे कापून चारा नेतात, कुठे काळविटाची पाडसं होतात, याची नोंद ग्रामसभेच्या ठरावात आणा. असा ठराव नसेल तर प्रकल्पाची फाइल येते तेव्हा गावाकडे दाखवायला कागदच नसतो. भूमिहीनांनी दंडाच्या पावतीतून जे शिकवलं ते हेच : सरकारला जमीन दिसायला हवी असेल, तर तिच्यावर कोण जगतं याचा कागद करावा लागतो.

आणि हे काम मोबाइलवाल्या पिढीला जमण्यासारखं आहे. आपल्या गावाचा गट नंबर शोधा, गाव नमुना सात, बारा आणि एक-ई मागा. दिसलेल्या प्राण्या-पक्ष्यांचे फोटो तारखेसह जपा. मेंढपाळाला विचारा तो कुठल्या महिन्यात कुठे बसतो. भूमिहीन कुटुंबाची पावती स्कॅन करून ठेवा. या चारही गोष्टी एका फाइलमध्ये ठेवल्या, की 'हरीण की माणूस' हा खोटा प्रश्न आपोआप मागे पडतो. दोघेही त्याच जमिनीवर आहेत, आणि दोघांचंही नाव त्या सातबाऱ्यावर नाही.

आज तो सातबारा पुन्हा उघडला तरी तिथे 'गवत पड' असंच लिहिलेलं दिसेल. त्यातला पहिला शब्द खरा आहे.